उरलेली चाळीस सेकंदं

रविवारी रात्री, इस्त्री उरकली की,
मी यादी लावायला बसते.
बार्टनच्या या घरात खिडकी उत्तरेला,
काळोखात हंबरवरच्या पुलाचे दिवे
कुणी घाईत धावदोरा घातल्यासारखे.

विषय आधी ठरतो. गाणी मागून येतात,
कधी येतच नाहीत.
‘दार वाजतं, पण कुणी उघडत नाही’: ही नऊ गाण्यांची.
‘गायकाचा श्वास ऐकू येतो’: ही वाढतेच आहे.
‘गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना’मध्ये फक्त चार,
तोवर बोटं बधिर होतात.
आणि ‘पूल’, सगळी दोन मिनिटांच्या आतली,
पहिल्या मनोऱ्याशी लावलं
तर हेसलच्या बाजूला टायर उतरताना
शेवटचा ठोका पडावा.
पुढे लॉरी आली की गणित चुकतं.

नियम माझेच, आणि कडक.
एक गायक एकदाच.
आणि ज्याची यादी, त्याचं नाव गाण्यात नको.
भुकेच्या यादीत भूक हा शब्द आला
की ते गाणं बाहेर, मग कितीही गोड असो.
ॲपला हे कळत नाही.
यादी संपली तरी ते आपल्या मनाने वाढत राहतं,
पंगतीत पानावर आडवा हात धरला
तरी जिलबी टाकून जाणाऱ्या माणसासारखं.
ते बटण मी शोधून बंद केलं.
संपलं म्हणजे संपलं.

हे आप्पांचं असणार.
इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात,
कॅसेटी भरून द्यायचं त्यांचं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची फट.
लोक चिठ्ठ्या आणायचे,
सिगारेटच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर:
वरातीसाठी भरा.
बायको माहेरून येत नाही, तिला पाठवायचीय, भरा.
एकाने नुसतंच लिहिलं होतं, रात्रपाळी.
आप्पा साठची कॅसेट पुढ्यात ठेवून
मिनिटं-सेकंदांच्या बेरजा करत,
ओठ हलवत,
आणि तरी बाजू संपताना चाळीस सेकंदं उरायची.
त्यात गाणं बसत नाही.
कोरी सोडावी तर गिऱ्हाईक म्हणणार, मारली टेप.
मग आप्पा माइक तोंडाशी धरून
थोडं खाकरून म्हणत,
‘बाजू बदला.’
गावात कुणाकुणाच्या वरातीत
बँड थकल्यावर तो आवाज निघाला असेल.
आमच्याकडे त्यांची एकही नाही.
भरलेली कॅसेट गिऱ्हाइकाची.

क्लाइव्ह स्टॅमर्स आमच्या हॉस्पिटलात खाटा ढकलतो.
लिफ्टमध्ये म्हणाला,
‘तू याद्या करतेस म्हणे.
आमचं कुत्रं गेलं.
साडेचारला न्यायचो त्याला, नदीकाठापर्यंत.
पाय अजून निघतात.
त्या वेळेची एखादी करशील?’

तीन रविवार गेले.
कुत्रा नको, जाणं नको, नदीसुद्धा नको.
नुसती चालणारी गाणी,
एक तर मध्येच थबकतं,
खांबाशी काहीतरी हुंगून झाल्यासारखं पुढे निघतं.
काठापर्यंत सतरा मिनिटं, परत सतरा.
जातानाच्या बाजूला चाळीस सेकंदं उरली.
आता बाजू नसते, ठाऊक आहे मला.
फोन तोंडाशी धरला.
खाकरले.

मंगळवारी भेटला.
‘सातवं गाणं त्याला आवडलं नसतं,’ म्हणाला,
‘सोफ्याखाली जाऊन बसला असता.
आणि मध्ये ती बाई काय म्हणते?
कुठली भाषा?’
मी म्हटलं, ते गाणं नाही.
‘ते कळलं,’ तो म्हणाला,
‘तिथे मी वळतो.’

चौथा मजला आला.
सातवं मी अजून काढलेलं नाही.